खरखर आणि माज: इलेक्ट्रोक्लॅशचा पहिला ट्रॅक कसा बांधायचा

इलेक्ट्रोक्लॅश म्हणजे ड्रम मशीनचा कोरडा ठोका, सिंथची (इलेक्ट्रॉनिक वाद्याची) मळकी ओळ आणि त्यावर थंड, उद्धट बोलणं असं नाचाचं संगीत. ते करायला बसलेल्या नवख्याचा पहिला ट्रॅक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतो. आधी गुळगुळीत, नीटनेटका ट्रॅक तयार होतो आणि शेवटी सगळ्यावर मिळून डिस्टॉर्शनचं, म्हणजे आवाज फाडणारं, प्लगइन चढवलं जातं. ऐकू येतो तो नीटनेटकाच ट्रॅक, फक्त स्पीकर फाटल्यासारखा. या संगीतातली खरखर अशी वरून लावता येत नाही. आवाज निवडताना, तो रेकॉर्ड करताना आणि मोजक्या सामानात भागवताना ती येत जाते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? माजाचंही तेच आहे. काळा चष्मा आणि वाकडं तोंड ही त्याची सगळ्यात स्वस्त आवृत्ती. खरा माज शब्दांत असतो, गाळलेल्या गोष्टींत असतो आणि स्वतःवर हसता येण्यात असतो.

खालचा क्रम कोऱ्या प्रोजेक्टपासून स्टेजपर्यंतचा आहे. काही पायऱ्या अर्ध्या तासाच्या आहेत, काहींत आठवडे जातील.

आधी ऐका, पण मोजत ऐका

इलेक्ट्रोक्लॅश हे नाव २००१च्या सुमारास रूढ झालं. न्यूयॉर्कचा डीजे आणि आयोजक लॅरी टी याने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तिथे इलेक्ट्रोक्लॅश फेस्टिव्हल भरवला आणि ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागातल्या पार्ट्यांत जे चाललं होतं त्याला वर्तमानपत्रात छापता येईल असं नाव मिळालं. संगीत त्याआधीच युरोपात शिजत होतं. म्युनिकच्या डीजे हेलचं इंटरनॅशनल डीजे जिगोलो हे लेबल, हेगचा आय-एफ, ग्रेनोबलची मिस किटिन आणि तिचा जोडीदार द हॅकर, कॅनडाहून बर्लिनला जाऊन राहिलेली पीचेस, ही त्यातली ठळक नावं. डेट्रॉइटच्या ‘अडल्ट’ या जोडीचा आवाज या सगळ्यांत बहुधा सर्वांत कोरडा. यांच्याही मागे जुनी मंडळी आहेत: न्यूयॉर्कचे सुइसाइड, शेफील्डचे कॅबरे व्होल्तेअर, जर्मनीचे डीएएफ, आणि १९७८मध्ये ‘द नॉर्मल’ या नावाने घरच्या घरी दोन गाणी रेकॉर्ड करून स्वतःच्या म्यूट लेबलवर काढणारा डॅनियल मिलर.

यातल्या चार-पाच जणांचं काम निवडा आणि कागद-पेन घेऊन ऐका. ट्रॅक मधेच थांबवा आणि त्या क्षणी एकदम किती आवाज वाजत होते ते लिहा. किक (ड्रमचा जड, खालचा ठोका), स्नेअर (मधला कडक ठोका), हाय-हॅट (छोटी झांज), बेस (सर्वांत खालच्या सुरांची ओळ), सिंथची एखादी ओळ, माणसाचा आवाज. यादी सहाच्या वर फारशी जाणार नाही. मग प्रत्येक आवाजापुढे ‘स्वच्छ’ किंवा ‘मळका’ असं लिहा. सगळेच मळके असलेला ट्रॅक क्वचितच सापडेल. गाणारी व्यक्ती सूर लावते आहे की नुसती बोलते आहे, हेही नोंदवा. एवढा कागद भरला की पुढच्या निम्म्या सूचना तुम्हाला आधीच कळलेल्या असतील.

सामान

लॅपटॉप, रेकॉर्डिंगचं कुठलंही सॉफ्टवेअर, हेडफोन, साधा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) आणि एक डायनॅमिक माइक. सिंथसाठी सर्ज एक्सटी किंवा टीएएल-नॉइजमेकर ही फुकट मिळणारी प्लगइन पुरेशी आहेत. ड्रमसाठी रोलँडच्या ८०८, ६०६, ७०७ किंवा ९०९ या जुन्या ड्रम मशीनपैकी एकाच यंत्राचे सँपल (रेकॉर्ड केलेले सुटे आवाज) घ्या. चारही डाउनलोड करून ठेवू नका, कारण मग संध्याकाळ स्नेअर निवडण्यात जाते.

पहिला ट्रॅक पुरा होईपर्यंत नियम असा: एक ड्रम किट, एक मोनो सिंथ, एक डिस्टॉर्शन, एक माइक. पीचेसचा २०००चा ‘द टीचेस ऑफ पीचेस’ हा अल्बम मुख्यतः रोलँड एमसी-५०५ या एका ग्रूव्हबॉक्सवर (ड्रम आणि सिंथ एकत्र असलेल्या डब्यावर) उभा आहे. त्या डब्याला जे जमत नव्हतं ते गाण्यात आलंच नाही, आणि गाण्यांचा चेहरा त्यातूनच घडला.

जुन्या यंत्रांच्या मागे लागू नका. अॅनलॉग सिंथ आणि ड्रम मशीन एके काळी हे संगीत करणाऱ्यांच्या हाती आली, कारण १९८३मध्ये यामाहाचा डीएक्स७ आल्यावर सगळे डिजिटलकडे धावले आणि जुना माल सेकंडहँड बाजारात पडून राहिला. आज तीच यंत्रं संग्राहकांच्या काचेच्या कपाटात गेली आहेत. महागडं यंत्र विकत घेऊन गरिबीचा आवाज काढायचा, हा प्रकार जरा विनोदीच आहे.

ठोका

टेम्पो १२८ बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांवर, ठेवा. पुढे १२५ ते १३२च्या दरम्यान हलवा, पण सुरुवातीला हात लावू नका. सोळा घरांची एक पट्टी घ्या. किक १, ५, ९ आणि १३व्या घरात. स्नेअर किंवा क्लॅप ५ आणि १३व्या. बंद हाय-हॅट ३, ७, ११, १५ या घरांत. स्विंग (ठोके किंचित मागे सरकवणं) शून्य. सगळ्या ठोक्यांची व्हेलॉसिटी, म्हणजे जोर, सारखी. इतर संगीतात ड्रम ‘माणसाळवण्याचे’ जे उपाय शिकवले जातात ते इथे सगळे विसरायचे. यंत्र यंत्रासारखंच वाजलं पाहिजे, म्हणजे त्याच्यावर बोलणारा माणूस उठून दिसतो.

हे कंटाळवाणं वाटलं तर किक १, ७ आणि ११व्या घरात टाकून पाहा, स्नेअर तसाच ठेवा. चाल लगेच अडखळती होते आणि टेक्नोऐवजी जुन्या इलेक्ट्रोकडे झुकते.

स्नेअर आखूड हवा. शेपूट लांब असेल तर कापा. रिव्हर्ब (घुमारा) द्यायचाच असेल तर त्याच्यामागे गेट (बारीक आवाज बंद पाडणारं प्लगइन) लावून पुढचा ठोका यायच्या आत तो बंद पाडा. हाय-हॅट पातळ आणि किंचित कर्कश राहू द्या. ९०९मधल्या बहुतेक आवाजांचा उगम अॅनलॉग सर्किटमध्ये असला तरी तिचे हाय-हॅट आणि झांजा हे ६ बिटचे सँपल आहेत, आणि ती दाणेदार किरकिर तिथूनच येते. तुमचे सँपल फार चकचकीत असतील तर बिटक्रशरने (आवाजाचा डिजिटल दर्जा मुद्दाम उतरवणाऱ्या प्लगइनने) ८ बिटांपर्यंत खाली आणून बघा.

किक मळवताना मात्र जपून. संपूर्ण किक डिस्टॉर्शनमधून काढली की तिच्या पोटातला दम जातो आणि नुसता टणत्कार उरतो. म्हणून किकच्या दोन प्रती करा. एकीवर १२० हर्ट्झच्या वरचं सगळं कापा आणि ती स्वच्छ ठेवा. दुसरीवर १२० हर्ट्झच्या खालचं कापा आणि तिला हवं तेवढं फाडा. दोन्ही एकत्र वाजवा, मग एकीची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून पुन्हा ऐका. ज्या स्थितीत तळ जास्त भरीव लागतो ती ठेवा. फिल्टरमुळे दोन प्रतींच्या लाटा एकमेकींपासून सरकलेल्या असतात आणि चुकीच्या स्थितीत त्या एकमेकींना खातात.

बेसलाइन

ट्रॅकचा सगळा तोरा इथे असतो, म्हणून घाई करू नका.

सिंथ मोनो करा, म्हणजे एका वेळी एकच सूर. दोन ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे भाग), दोन्ही सॉ वेव्ह (करवतीच्या दातांसारखी लाट), दुसरा पहिल्यापासून ६-७ सेंट (अर्ध्या सुराचे शंभरावे भाग) सरकवलेला. लो-पास फिल्टर (वरचे स्वर कापणारा) २४ डीबीचा, कटऑफ (जिथून कापायचं ती जागा) ४०० हर्ट्झच्या आसपास, रेझोनन्स (त्या जागेवरचा उठाव) पाव भाग. फिल्टरच्या एन्व्हलपमध्ये (प्रत्येक सुराला फिल्टर कसा उघडतो-मिटतो त्या आखणीत) अॅटॅक (उघडायचा वेळ) शून्य, सस्टेन (उघडं धरून ठेवायची पातळी) शून्य. आता डिकेचं, म्हणजे मिटायच्या वेळेचं, काय?

इथे थोडं गणित करायला हरकत नाही. १२८ बीपीएमला एक ठोका ४६९ मिलिसेकंदांचा. त्याचे चार भाग केले की प्रत्येक घर ११७ मिलिसेकंदांचं. डिके त्याहून बराच लांब असेल तर फिल्टर मिटायच्या आत पुढचा सूर येतो आणि ओळ चिकट होते. ९० ते १०० मिलिसेकंद ठेवलात तर प्रत्येक सूर तुटक, टोकदार लागतो. दोन्ही ऐका. चिकट ओळ डिस्कोकडे जाते, तुटक ओळ आपल्याला हव्या त्या थंड जागी. सूरांची लांबीही घराच्या निम्मीच ठेवा, मधली शांतता ऐकू आली पाहिजे.

आता सूर. सा म्हणून खालचा ए घ्या, ५५ हर्ट्झचा. सोळा घरांत असं भरा: सा सा सां सा, सा सा सां सा, सा सा सां सा, आणि शेवटच्या चार घरांत कोमल ग, सा, मंद्र कोमल नी, सा. तीन वेळा हेच वाजवा. चौथ्या वेळी शेवटच्या दोन घरांत कोमल रे टाका. तो कोमल रे साच्या इतका जवळ असतो की कानाला खुपतो, आणि परत सावर आलं की धमकी देऊन गप्प बसल्यासारखं वाटतं. यापेक्षा जास्त सूर लागत नाहीत. कॉर्डची साखळी रचायचा मोह झाला तर तो दुसऱ्या ट्रॅकसाठी राखून ठेवा.

शेवटचं काम हाताचं. लूप चालू ठेवा, रेकॉर्ड दाबा आणि चार-पाच मिनिटं फक्त कटऑफ फिरवा. माउसने रेघा ओढून केलेलं ऑटोमेशन आणि हाताने फिरवलेली खुंटी यांतला फरक ऐकणाऱ्याला सांगता येत नाही, पण जाणवतो. हात कुठेतरी उशिरा पोचतो, कुठे जास्त जातो. यंत्राच्या काटेकोरपणाशेजारी माणसाची एवढीच खूण पुरे.

खरखर

डिस्टॉर्शन म्हणजे काय होतं हे एकदा समजून घ्या, म्हणजे अंधारात खुंट्या फिरवाव्या लागणार नाहीत. आवाजाच्या लाटेची टोकं चेपली किंवा कापली की मूळ कंपनसंख्येच्या पटीतले नवे स्वर तयार होतात. वरची आणि खालची टोकं सारखीच कापली तर ते विषम पटींत येतात, म्हणजे ५५चे १६५, २७५ असे. एकच बाजू जास्त कापली तर सम पटीतलेही मिसळतात आणि आवाज जरा जाड होतो. याचा व्यावहारिक फायदा मोठा आहे. ५५ हर्ट्झ छोट्या स्पीकरमधून येतच नाही, पण त्याच्या पटी येतात, आणि त्यांवरून कान गाळलेला तळ स्वतः भरून घेतो. मळका बेस फोनवरसुद्धा ‘ऐकू’ येतो तो यामुळे.

बिटक्रशर वेगळ्या जातीचा. सँपल रेट खाली आणला की जे नवे स्वर येतात ते मूळ सुराच्या पटीत नसतात, म्हणून ते बेसुरे आणि धातूसारखे लागतात. ड्रम आणि बोलण्यावर छान, बेसवर थोडंच.

फिल्टर आणि डिस्टॉर्शन यांचा क्रम बदलून पाहा, कारण अर्धा स्वभाव तिथे ठरतो. डिस्टॉर्शन आधी आणि फिल्टर नंतर ठेवला तर फिल्टर धार बोथट करतो, आवाज जाड पण आटोक्यात राहतो. फिल्टर आधी आणि डिस्टॉर्शन नंतर ठेवला तर रेझोनन्सचं टोक डिस्टॉर्शनवर आपटतं आणि कटऑफ फिरवताना आवाज अक्षरशः किंचाळतो. बेसलाइनला मी दुसरा क्रम लावतो, सिंथच्या वरच्या ओळीला पहिला. १९७८च्या कोर्ग एमएस-२०वर लोक याहून सोपी युक्ती करत आले आहेत: हेडफोनचं आउटपुट यंत्राच्याच बाहेरच्या आवाजाच्या इनपुटमध्ये परत खुपसायचं. यंत्र स्वतःचाच आवाज गिळून ओकायला लागतं. प्लगइनमध्ये फीडबॅकची खुंटी असेल तर तीही हेच काम करते. आधी स्पीकरचा आवाज कमी करा.

डिस्टॉर्शनमधून कॉर्ड काढू नका. तीन सूर एकत्र चेपले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नको ते स्वर निघतात आणि सगळा चिखल होतो. एकटा सूर किंवा सा-प चालतो. कॉर्ड हवाच असेल तर प्रत्येक सूर वेगळा मळवून मग एकत्र करा.

तुलना करताना पातळी सारखी करा. डिस्टॉर्शन लावलं की आवाज मोठा होतो, आणि मोठा आवाज प्रत्येक वेळी जास्त चांगला वाटतो, हा कानाचा जुना दोष आहे. प्लगइनचं आउटपुट उतरवून चालू-बंद करत ऐका. तरीही आवडलं तरच ठेवा.

आणि आवडलं की ऑडिओ करून टाका. सिंथचा ट्रॅक डिस्टॉर्शनसकट रेकॉर्ड करा आणि मूळ प्लगइन बंद करा. ‘नंतर बदलता येईल’ ही सोय या संगीताच्या मुळावर येते. टेपवर, चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर काम करणाऱ्यांना परत फिरता येत नव्हतं, त्यामुळे पुढचा प्रत्येक आवाज आधीच्या मळक्या आवाजाकडे बघून ठरायचा. ती सक्ती आज आपण स्वतःवर लादायची.

प्लगइनचा कंटाळा आला तर आवाज खोलीतून काढा. बेसलाइन एखाद्या भंगार छोट्या स्पीकरवर जोरात वाजवा, समोर माइक ठेवा, रेकॉर्ड करा, आणि हा ट्रॅक मूळ ट्रॅकखाली हळूच मिसळा. गिटारचा पेडल असेल तर इंटरफेसचं आउटपुट बरंच खाली ठेवून त्यात सोडा. इंटरफेसचा सिग्नल पेडलच्या अपेक्षेपेक्षा खूप मोठा असतो, म्हणून शून्यापासून हळूहळू वर या.

एक आवाज मात्र पूर्ण स्वच्छ ठेवा. कुठला ते तुम्ही ठरवा. माझं मत क्लॅपकडे झुकतं, काही जण वरची सिंथची ओळ ठेवतात. सगळं सारखंच मळलेलं असलं की काही मिनिटांत कानाला ते मळकं वाटेनासंच होतं.

बोलणं

इथे चांगला गळा असण्याने फारसा फायदा होत नाही, आणि कधी कधी तोटाच होतो. सूर लावायची सवय असलेल्या माणसाला सपाट बोलायला सांगा, वाक्याच्या शेवटी त्याचा आवाज आपोआप वळतोच. तो वळू द्यायचा नाही. स्टेशनवरच्या घोषणेच्या सुरात बोलायचं, पण मजकूर घोषणेचा नसावा. मिस किटिनने प्रसिद्धी आणि श्रीमंतीच्या दुनियेची जी टर उडवली ती अशाच थंड, जांभई दाबल्यासारख्या आवाजात. पीचेसची तऱ्हा उलट: शरीराबद्दल थेट, आढेवेढे न घेता, आणि बाईने काय बोलावं याचे संकेत झुगारून. हा प्रकार वाढला तो बऱ्याच अंशी बायकांच्या आवाजावर आणि समलिंगी क्लबांच्या जिवावर. ‘उद्धटपणा’ म्हणून जो दिसतो त्याला तिथे कारण होतं, हे विसरून नुसता उद्धटपणा उचलला तर तो पोकळ वाजतो.

शब्द लिहिताना आधी बोलणारं पात्र ठरवा. तुम्ही स्वतः नाही, तुमच्याहून जास्त गर्विष्ठ आणि थोडं मूर्ख असं कुणीतरी. मग त्याला छोट्या वाक्यांत बोलू द्या. नमुन्यादाखल:

माझा नंबर घ्या.
माझा टोकन नंबर घ्या.
मी सुंदर आहे.
मी रांगेत आहे.

यमक नाही, उपमा नाही, विशेषण एकच. प्रत्येक ओळ एका बारच्या (सोळा घरांच्या एका फेरीच्या) पहिल्या ठोक्यावर सुरू करा आणि पुढचा बार पूर्ण रिकामा सोडा. त्या रिकाम्या बारात ऐकणारा ठरवतो की हे गंभीर आहे की थट्टा, आणि तुम्ही त्याला उत्तर द्यायचं नाही. ‘मी सुंदर आहे’ ही ओळ नखरा करून म्हटली तर सगळं संपलं. ती पत्ता सांगितल्यासारखी म्हणा.

थट्टा कुणाची करायची, यावर माझं मत ठाम आहे. क्लबच्या दारावरचा तोरा, पैसा, प्रसिद्धी, स्वतःचा आरसा, हे सगळं खुशाल. ज्याला उलट बोलायची सोय नाही त्याच्यावर थंड आवाजात हसणं हा माज नसतो, नुसता क्षुद्रपणा असतो.

रेकॉर्डिंगला डायनॅमिक माइक ओठांपासून तीन-चार बोटांवर धरा आणि हळू आवाजात बोला. हळू बोलणं जवळून रेकॉर्ड करून मिक्समध्ये मोठं केलं की ते कानात बोलल्यासारखं लागतं. ओरडून बोललेलं लांबून आल्यासारखं. मग कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारं प्लगइन) जोरात लावा, त्यापुढे थोडं डिस्टॉर्शन. ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३४०० हर्ट्झच्या वरचं कापलं तर टेलिफोनचा आवाज मिळतो, पण तो एखाद्या कडव्यापुरताच ठेवा. रिव्हर्ब नको. त्याऐवजी १०० मिलिसेकंदांचा एकच डिले (प्रतिध्वनी), आवाजाच्या बराच खाली. दुसऱ्यांदा तेच शब्द वेगळे बोलून दोन्ही टेक एकत्र केले तर अजून बरं, थोडे मागेपुढे झालेले शब्द तसेच राहू द्या.

रचना

सगळे आवाज आठ बारांच्या लूपमध्ये एकत्र आले की नवीन काही आणायचं थांबवा. लूप साडेतीन-चार मिनिटं चालू ठेवा आणि रेकॉर्ड करत म्यूटची बटणं दाबत जा. किकने सुरुवात, बेस, मग बोलणं, मधेच किक काढा, मधेच फक्त हाय-हॅट आणि आवाज ठेवा. असे काही टेक घ्या आणि त्यातला एक निवडा. मोठ्या डान्स ट्रॅकमध्ये ड्रॉपच्या (सगळा ठोका एकदम परत येतो त्या जागेच्या) आधी येतो तो चढत जाणारा सुस्कारा इथे वापरू नका. किक परत आणायची असेल तर सूचना न देता आणा.

मिक्स

मिक्स मोनोमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला एकच आवाज ठेवून, करा. क्लबांत बऱ्याचदा आवाज मोनोतच वाजतो, आणि दोन्ही बाजूंना पसरवून मिळालेली भव्यता तिथे गायब होते. मोनोत सगळं सुटं सुटं ऐकू आलं की मग हवं तर हाय-हॅट थोडी बाजूला सरकवा.

मळक्या आवाजांची खरी मारामारी २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये होते. बेसची धार, स्नेअर, बोलण्यातली व्यंजनं सगळी तिथेच गर्दी करतात आणि कानही नेमका तिथेच सगळ्यात हळवा असतो. प्रत्येक बारात त्या पट्ट्याचा मालक एकच असू द्या. माणूस बोलत असताना बेसची वरची धार ३-४ डीबीने खाली आणा, तो गप्प झाला की परत वर. किक आणि बेस सोडून बाकी सगळ्यांचं १०० हर्ट्झच्या खालचं कापा.

आवाज कमी ठेवून काम करा. कामाच्या जागी ८५ डेसिबल आठ तास ही सुरक्षिततेची रूढ मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबलमागे वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. खरखरीत आवाजाची सवय लवकर होते, मग माणूस तो आणखी वाढवत नेतो. अधूनमधून उठून बाहेर जा आणि परत येऊन पहिल्या दहा सेकंदांत जे खुपेल तेच दुरुस्त करा. शेवटी सगळ्यात मोठा आवाज शून्याच्या ६ डीबी खाली ठेवून २४ बिटची वेव्ह फाइल काढा. मास्टरवर, म्हणजे एकत्र झालेल्या सगळ्या आवाजावर, क्लिपर (टोकं कापणारं प्लगइन) ठोकून जोर आणू नका. खरखर प्रत्येक आवाजात वेगवेगळी आली आहे, शेवटी सगळी एकत्र दळली तर ती एकसारखी होऊन जाईल.

स्टेज

फिशरस्पूनर हा न्यूयॉर्कचा गट पाठीमागे रेकॉर्डिंग वाजवायचा आणि ओठ हलवायचा, तेही उघडउघड. मुखवटे, नाच, वेशभूषा यांवर सगळा भर. ‘लाइव्ह’ वाजवल्याचा आव आणण्यापेक्षा हे जास्त प्रामाणिक होतं. तुम्हीही लपवू नका. लॅपटॉपच्या मागे उभं राहून उगाच खुंट्या फिरवल्याचं नाटक केलं तर पहिल्या रांगेला लगेच कळतं. त्यापेक्षा रेकॉर्डिंग चालू करा, पुढे या आणि बोला.

कपड्यांबाबत एकच निर्णय घ्या आणि तो शेवटपर्यंत पाळा. एक रंग, किंवा एकच विचित्र वस्तू. हालचाल कमी. बोलताना अजिबात हलला नाहीत तर कडव्यानंतर टाकलेलं एक पाऊलसुद्धा दिसतं. गाण्यांच्या मधे आभार, विनोद, बँडची ओळख असलं काही नको, रांगेतलं ते पात्र अजून उतरलेलं नाही. सेट २५ मिनिटांचा पुरे.

तांत्रिक बाजूला सगळ्यात मोठा धोका फीडबॅकचा, म्हणजे स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरण्याचा. घरी आवाजावर लावलेला कॉम्प्रेसर आणि डिस्टॉर्शन स्टेजवरही लावलात, तर दोन्ही मिळून बारीक आवाज उचलतात. तुम्ही गप्प असताना माइक मॉनिटर (तुमच्याकडे तोंड केलेला स्टेजवरचा स्पीकर) ऐकतो आणि शिट्टी सुरू होते. म्हणून साखळीत सर्वांत आधी गेट लावा, डिस्टॉर्शन घरच्यापेक्षा निम्मं ठेवा आणि मॉनिटर माइकच्या पाठीकडे येईल असा वळवून घ्या. साउंडचेकच्या आधीच मिक्सरवाल्याला सांगा की आवाज मुद्दाम फाटलेला आहे, नाहीतर तो बिचारा शेवटपर्यंत केबल बदलत राहील. ट्रॅक एका स्टीरिओ फाइलऐवजी ड्रम, बेस आणि बाकीचे अशा तीन फाइलींत न्या, म्हणजे त्या जागेचा तळ जास्त घुमत असेल तर तो फक्त बेस उतरवू शकेल. लॅपटॉपचं इंटरनेट बंद, स्क्रीनसेव्हर बंद, आणि सगळ्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या कुठल्यातरी उपकरणावर. इंटरफेस आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळता करणारा छोटा डबा) असू द्या, लॅपटॉपच्या चार्जरची घुरघुर त्याने बहुधा जाते.

शेवटचा ट्रॅक हळूहळू विझवू नका, ठोक्यावर तोडा आणि स्टेजवरून निघून जा. केबल उपसायला परत याल तेव्हा आधी मिक्सरवाल्याला चॅनेल म्यूट करायची खूण करा. तेवढी खरखर त्याच्या स्पीकरला परवडत नाही.